मुरण्याचे वय

मद्याविषयी मराठीत लिहू पाहणाऱ्यापुढे आजवर दोनच वाटा मळलेल्या दिसतात. एक सुधारकाची. ‘एकच प्याला’पासून व्यसनमुक्तीच्या पथनाट्यापर्यंत ती सरळ जाते आणि तिच्या शेवटी चिता असते. दुसरी वाट फारसीतून आलेली, साकी आणि सुरई यांची. माधव जूलियनांनी उमर खय्यामला मराठीत आणले तेव्हा ती प्रशस्त झाली आणि पुढे गझलांच्या कार्यक्रमांत तिची गुळगुळीत पायवाट झाली. या दोन्ही वाटांवरून जाताना एक गोष्ट मात्र हाती लागत नाही : प्याल्यात प्रत्यक्ष काय आहे, ते कोणत्या धान्याचे वा फुलाचे आहे, त्याला वास कसला येतो, जिभेवर ते कसे वागते. सुधारकाला ते विष आहे एवढे पुरते. कवीला ते प्रतीक आहे एवढे पुरते. गेल्या हिवाळ्यात एका नव्या, कोवळ्या वयाच्या सिंगल माल्ट व्हिस्कीची चव मराठीत सांगण्याचा प्रसंग माझ्यावर आला, तेव्हा या उणिवेची जाणीव मला प्रथमच इतक्या जवळून झाली.

प्रसंग साधा होता. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे एक सहकारी दिवाळीनंतर कन्हानला आमच्या घरी आले ते ‘पॉल जॉन ब्रिलियन्स’ची बाटली घेऊन. ही व्हिस्की गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होते. १५८३च्या उठावासाठी इतिहासाला ठाऊक असलेले तेच कुंकळ्ळी. कंपनी बंगळुरूची. तिचे पहिले सिंगल माल्ट २०१२ मध्ये बाजारात आले, तेही आधी इंग्लंडच्या. बाटली मात्र सहकाऱ्यांनी नागपुरातून, रीतसर विकत घेतली होती. गोव्याची दारू सीमा ओलांडून आणणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आजही महाराष्ट्रात मद्य प्यायला परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा आपल्या रस्त्यांवरचा शब्द त्याच कायद्याचे अपत्य. असो. सहकाऱ्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि अट घातली, “सर, तुम्ही मराठीचे. वास आणि चव मराठीतच सांगायची. इंग्रजीतले वर्णन खोक्यावर छापलेलेच आहे.”

आधी वस्तू काय आहे हे सांगणे भाग आहे, कारण ‘सिंगल माल्ट’ या शब्दाभोवती आपल्याकडे माहितीपेक्षा दबदबा अधिक आहे. ‘सिंगल’ म्हणजे एकाच भट्टीवरची. एकाच पिंपातली नव्हे. आणि ‘माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य. ज्या घरात तान्ह्या बाळासाठी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व केले जाते, त्या घरातील आजीला माल्ट म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. मोड येताना दाण्यातील पिठाची साखर होण्याची तयारी होते; बाळाला ते पचायला हलके जाते आणि किण्वाला खायला सोपे. इथे नाचणीऐवजी जव असतात, इतकेच. हे मोडाचे जव दळून गरम पाण्यात त्यांचा गोड काढा करतात, तो आंबवतात आणि मग तांब्याच्या भांड्यात त्याचे दोनदा ऊर्ध्वपातन होते. येथे आपल्या बोलीतील एका वाक्प्रचाराला धक्का बसतो. ‘पहिल्या धारेची’ म्हणजे अस्सल, कडक, असे आपण कौतुकाने म्हणतो. माल्टचा कारागीर नेमकी ती पहिली धार बाजूला काढतो, कारण तिच्यात उग्र आणि नकोशी द्रव्ये अधिक असतात. शेवटचीही बाजूला काढतो. मधली तेवढी पिंपात जाते. पहिल्या धारेचे कौतुक टंचाईतून जन्मले असावे, असा माझा तर्क आहे. ज्याच्याजवळ थोडेच आहे तो काहीच बाजूला काढत नाही.

पिंपात गेल्यावर जे घडते त्याला इंग्रजीत प्रौढ होण्याचा शब्द आहे. मराठीत त्याहून नेमका शब्द आहे, ‘मुरणे’. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पाणी जमिनीत मुरते, माणूस एखाद्या धंद्यात मुरतो. मुरणे ही नुसती काळ जाण्याची क्रिया नव्हे. एका पदार्थाने दुसऱ्यात शिरण्याची आणि त्याला आपल्यात घेण्याची ती क्रिया आहे. पिंपात अगदी हेच होते. उष्णतेने मद्य फुगते आणि ओक लाकडाच्या रंध्रांत शिरते, थंडीत आकसून बाहेर येते, आणि येताना लाकडातील रंग, गोडी, तुरटपणा घेऊन येते. ही पिंपे बहुधा अमेरिकेतून आलेली असतात. तिथल्या बूर्बाँ व्हिस्कीला दर वेळी आतून जाळलेले नवे कोरे पिंप वापरण्याचे कायद्याचे बंधन आहे, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात. एखाद्याच्या घरचे लोणचे संपल्यावर त्याची बरणी शेजाऱ्याने न्यावी, तसे.

आपल्याकडे उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्या गच्चीवर ठेवतात त्या मुरण्याला वेग यावा म्हणूनच. जे बरणीचे तेच पिंपाचे. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के मद्य हवेत उडून जाते. गोव्याच्या हवेत ही घट ८ टक्क्यांच्या आसपास जाते. कागदावर मांडून पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. दोनशे लिटरच्या पिंपात दहा वर्षांनी तिकडे सुमारे १६३ लिटर उरतील, इकडे ८७. म्हणून इथल्या कारागिराला पिंप फार काळ ठेवता येत नाही आणि ठेवण्याची तशी गरजही पडत नाही. या बाटलीवर वयाचा आकडा नाही, यात लपवाछपवी काही नसावी. आकड्याची ही भाषाच थंड देशांनी घडवलेली आहे.

आणि तो आकडाही काही निसर्गाने दिलेला नाही. व्हिस्की किमान तीन वर्षे पिंपात राहिलीच पाहिजे, हा नियम ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात आला : १९१५च्या कायद्याने आधी दोन वर्षे, लगेच पुढच्या वर्षी तीन. युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील कामगारांचे पिणे आवरावे, हे त्यामागचे एक कारण होते. बंधन म्हणून जे लादले गेले तेच पुढे गुणवत्तेचे प्रमाणपत्र ठरले. आज युरोपीय संघातही तीन वर्षांचीच अट आहे. इटलीसारख्या द्राक्षांच्या देशात, आल्प्सच्या कुशीतील ग्लोरेन्झा या गावी ‘पुनी’ नावाची माल्टची भट्टी २०१० मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली व्हिस्की २०१५ मध्ये लोकांपुढे आली. लाल विटांच्या जाळीदार घनाकृती इमारतीत ती आहे; जवासोबत गहू आणि राय यांचेही माल्ट तिथे वापरतात; काही मद्य सिसिलीतील मार्साला वाइनच्या पिंपांत मुरवतात. दुसऱ्याच्या परंपरेतली वस्तू करायची, पण बरणी आपल्या घरची घ्यायची, ही त्यांची युक्ती मला फार आवडली. भाषांतरकाराला ती ओळखीची वाटावी.

आता चव. तिच्याआधी वास.

पेला नाकाशी नेताच पहिला येतो तो दर्प. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. वास, गंध, सुगंध, दर्प, घमघमाट, दरवळ, भपका : मराठीत नाकाची श्रीमंती पुष्कळ आहे. या मद्याचे प्रमाण ४६ टक्के, त्यामुळे दर्प असणारच. कन्हानच्या पाण्याचे चार थेंब घातले. (अर्धे नागपूर या नदीचे पाणी पिते. २०२२च्या पावसाळ्यात राखेच्या तलावाचा बांध फुटून कोलार आणि कन्हान या नद्यांत राख उतरली होती, हे इथला कोणी विसरलेला नाही. पाणी गाळूनच घेतले.) थेंब पडताच दर्प खाली बसला आणि मागून काकवी आली, मग दालचिनी, मग संत्र्याची वाळलेली साल. नागपूरचा माणूस संत्रे म्हणणारच, ही शंका मलाही आली. म्हणून सहकाऱ्यांना न सांगता विचारले. त्यांनाही संत्रेच वाटले, पण तेही नागपूरचेच. त्याखाली सुताराच्या दुकानातील ताज्या भुशाचा वास. जिभेवर आधी मधाळ, लगेच झणझणीत, आणि गिळल्यावर हिरडा चघळल्यासारखा तुरटपणा बराच वेळ टिकणारा. खमंग, खरपूस, करपट या तिन्हींमधील फरक मराठी स्वयंपाकघरात मूलही जाणते. हे खमंगाच्या पुढे आणि खरपुसाच्या अलीकडे होते. इंग्रजीत या तिन्ही पायऱ्यांसाठी वेगवेगळे शब्द शोधून पाहावेत.

अडचण आली ती वयापाशी. हे मद्य तरुण आहे हे कळत होते. त्याची धार अजून बोथट झालेली नव्हती. पण त्याला म्हणायचे काय? इथे मराठी आपल्याला एकाऐवजी चार तराजू देते. भाजी कोवळी किंवा जून असते. फळ कच्चे किंवा पिकलेले. शिजवलेले अन्न ताजे किंवा शिळे. तांदूळ आणि लोणचे नवे किंवा जुने. पहिल्या आणि तिसऱ्या तराजूत वय वाढणे म्हणजे बिघडणे; दुसऱ्यात वाढणे म्हणजे तयार होणे, पण सडण्याच्या अलीकडे; चौथ्यात मात्र वय वाढले की मोल वाढते. जुना तांदूळ दुकानदार चढ्या भावाने विकतो. जून भेंडी आणि जुना तांदूळ यांत एका स्वराचे अंतर, पण मोलात केवढा फरक! या मद्याला ‘कच्चे’ म्हणणे अन्यायाचे होते, ‘हिरवट’ म्हणणे खोटे होते. ‘नवे’ म्हणावे तर ती तांदळाची भाषा, जिच्यात नवा भात चिकट होतो पण गोड लागतो, हेही गृहीत असते. आम्ही ‘नवे’ यावरच थांबलो.

इतक्यात बाबा बाहेर आले. पंचाहत्तरीचे आहेत, कामठी परिसरातील कोळशाच्या खाणीत आयुष्य काढले. रामटेकच्या पुढे देवलापारकडचे आमचे मूळ गाव, मोहाच्या झाडांचे. बाबा पीत नाहीत. त्यांचे थोरले बंधू, आमचे मोठेबाबा, चाळिशीत दारूने गेले, त्या वर्षापासून त्यांनी पेल्याला हात लावलेला नाही; ही गोष्ट आमच्या घरात बोलली जात नाही आणि विसरलीही जात नाही. मी पेला बाजूला सरकवला. सहकारी अवघडले. बाबा खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “दे इकडे. पेत नाई मी, वास घेतो निस्ता.” त्यांनी पेला बराच वेळ नाकाशी धरला. मग म्हणाले, “हा त सातूचा वास हाय. माही माय खापरात गहू भाजे, तवा असाच सुटे.” थोड्या वेळाने, “अन् मांगून वाळलेलं मोहफूल.” पेला खाली ठेवून ते आत गेले.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की कोशात ‘सातू’ म्हणजे जव. आमच्याकडे मात्र सातू म्हणजे भाजलेला गहू आणि डाळ्या यांचे पीठ, उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवून खायचे. जव आमच्या घरात कोणी पाहिलेले नाहीत. बाबांना बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचता आले नसते आणि माल्ट हा शब्दही त्यांना ठाऊक नाही. नाकाने ते थेट धान्याच्या भाजणीपर्यंत पोचले, म्हणजे वस्तूच्या मुळाशी. मी आणि सहकारी काकवी नि दालचिनीच्या मागे होतो, म्हणजे पिंपाच्या मागे.

हे लिहिताना मला वर्ग आठवतो. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ मी अनेकदा शिकवले आहे आणि शिकवताना दर वेळी सावनेरचा उल्लेख करतो, कारण ते इथून दूर नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी गडकरी तिथे वारले आणि हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. नाटकाची ताकद मी कमी लेखत नाही. पण त्यात मद्याचे परिणाम पानोपानी असले तरी मद्याविषयी कुतूहल नाही. तळीरामाच्या तोंडी स्तुती आहे ती उपहासाची. एका वर्षी खाण कामगारांच्या वसाहतीतून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत लिहिले होते की सुधाकराला गमवायला वकिलीची सनद तरी होती, आमच्या चाळीत लोक काहीही नसताना पितात, आणि त्यांच्यावर नाटक होत नाही. त्या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण दिले. पण ते उत्तर गुणांनी मिटणारे नव्हते. ज्या गावात तिचे वडील पितात त्याच गावात मी चार थेंब पाणी घालून वासांची यादी करतो, या दोन्ही गोष्टी एका लेखात मावल्या पाहिजेत. नाहीतर हा लेख म्हणजे नुसती तिसरी गुळगुळीत वाट होईल.

कारण चवीची भाषा कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न भाषेपुरता नाही. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुलांवर नियंत्रण आणणारा खास कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, जे फूल आदिवासी घरांत अन्न म्हणूनही खाल्ले जात होते, ते बाळगण्यावरच बंधने आली. इकडे मध्य प्रांतात पद्धत वेगळी होती, पण आबकारीचा ससेमिरा तोच. मोहाची फुले मार्च-एप्रिलच्या पहाटे गळतात. ती वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि मडक्यांच्या उतरंडीतून अर्क काढायचा, हे सारे शास्त्र माल्टपेक्षा तिळभरही कमी नाही. पण त्याला मिळालेले शब्द कोणते? हातभट्टी, छापा, रसायन नष्ट. वर्तमानपत्रातील मोह म्हणजे नेहमी लिटरांत मोजलेला मुद्देमाल. गोव्याच्या काजू-फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आणि तिची भाषा बदलू लागली. मोहाच्या बाबतीत असे काही आता घडू लागले आहे. तरी शहरी उत्साहाने मोहाला ‘वारसा’ म्हणून मिरवणाऱ्यांविषयी मी साशंक आहे. आमच्या मोठेबाबांना नेले ते वारशानेच की आणखी कशाने, हे मला सांगता येणार नाही.

संस्कृतात ही लाज नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक संपूर्ण प्रकरण आहे आणि त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी वर्गवारी कृतींसह दिली आहे. पिठापासून केलेल्या मद्याला ‘प्रसन्ना’ म्हणणाऱ्या माणसाने ते गाळून निवळल्यावर उजेडात धरून पाहिले असणार. आमच्या कन्हानपासून जबलपूर रस्त्याने तासाभराच्या आत रामटेक येते. महामहोपाध्याय मिराशींनी तोच मेघदूतातील रामगिरी मानला. त्या काव्यात बलरामाने सोडून दिलेल्या ‘हाले’चा उल्लेख येतो तेव्हा कालिदास तिच्या चवीचे आणि तिच्यात पडलेल्या रेवतीच्या डोळ्यांच्या प्रतिबिंबाचे स्मरण ठेवतो. त्याग सांगतानाही तो वस्तूला कमी लेखत नाही. हे आपल्या नाटकांना का जमले नाही, याचा विचार कोणी अभ्यासकाने सविस्तर करावा.

हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीत तयार झालेले एक सिंगल माल्ट २०२२च्या अखेरीस बाजारात आले. नागपूरजवळ बुटीबोरीला मोठी माल्ट भट्टी उभारण्याचीही घोषणा झाली आहे. बुटीबोरी वर्ध्याच्या रस्त्यावर आहे; म्हणजे पुढे त्याच रस्त्याने काही मैल गेले की गांधीजींच्या सेवाग्रामचा, दारूबंदीचा जिल्हा लागतो. पण माझे कुतूहल वेगळे आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा कोरड्या हवेत पिंपातून मद्यार्कापेक्षा पाणी अधिक उडते आणि उरलेले मद्य अधिक तीव्र होत जाते. मग जुलैत चार महिन्यांचा दमटपणा. असे हेलकावे खाणाऱ्या पिंपात तीन वर्षांत काय मुरेल? सहकारी म्हणतात, लाकूड फार लवकर बोलू लागेल आणि धान्य गप्प होईल. त्यांचे खरे असेल, तर बाबांना नागपूरच्या व्हिस्कीत सातू सापडणार नाही.

त्या संध्याकाळनंतर आम्ही दोघांनी एक वही केली आहे. तीत आतापर्यंत एकवीस शब्द आहेत : खमंग, मधाळ, काकवीचा, धुरकट, मातकट, आंबूस, उबट, भुसकट आणि असेच. बाबा अधूनमधून ती वही मागवून घेतात आणि वाचायला लावतात. ‘भुसकट’ त्यांनी नापास केला. भुशाचा वास आणि भुसकट यांत फरक आहे, असे त्यांचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. ‘कोरडा शेवट’ असा एक प्रयोग मी लिहिला होता, तो आम्ही सर्वांनी मिळून खोडला. पातळ वस्तू कोरडी कशी असेल, असे बाबांनी विचारले. तिथे आता ‘तुरट, मागे राहणारा’ असे लिहिले आहे.